टीमचं प्रोजेक्ट मॅनेजमेंट टूल बदलायचंय? काय, कधी आणि कुठल्या क्रमाने

टूल बदलायची वेळ दोन प्रकारे येते. एक तर टीम जुन्या टूलला वैतागलेली असते आणि कोणीतरी मीटिंगमध्ये "आपण लिनियरवर जाऊया का" म्हणतं (लिनियर हे असंच दुसरं टूल). नाहीतर टूलच हात वर करतं. पिव्होटल ट्रॅकर हे टूल ३० एप्रिल २०२५ ला बंद झालं आणि त्याची घोषणा जेमतेम सातेक महिने आधी झाली होती, जिरा या टूलच्या सर्व्हर आवृत्तीचा (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची) सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला, तेव्हा ती वापरणाऱ्या टीमांना हलणं भागच होतं. पहिल्या प्रकारात तारीख तुमच्या हातात असते, दुसऱ्यात नसते, बाकी काम तेच.

हे काम माझ्या गळ्यात पडलेलं आहे म्हणून लिहितोय. बहुतेक जण याला डेटा इकडून तिकडे नेण्याचं काम समजतात आणि एखाद्या ज्युनियरला "इम्पोर्ट मारून टाक" म्हणून सांगतात. इम्पोर्ट मारणं सोपं आहे हो. काय न्यायचं नाही हे ठरवणं आणि जुने टिकेट नंबर (टिकेट म्हणजे टूलमधली एका कामाची नोंद) जिवंत ठेवणं, खरा वेळ या दोन गोष्टी खातात.

सुरू करायच्या आधी हे हाताशी असू द्या:

- जुन्या टूलचा पूर्ण ॲडमिन ॲक्सेस. साध्या यूजरने एक्स्पोर्ट घेतला तर त्याला न दिसणारी टिकेटं गुपचूप गळतात, एरर वगैरे काही येत नाही
- नव्या टूलचा ॲडमिन ॲक्सेस, आणि मोडतोड करायला एक वेगळं टेस्ट वर्कस्पेस
- सगळ्या यूजरची ईमेलसकट यादी, सोडून गेलेल्यांसकट
- जुन्या टूलला जोडलेल्या गोष्टींची यादी: गिट (कोडचा इतिहास ठेवणारं), सीआय (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा), चॅट, सपोर्ट डेस्क, कोणीतरी लिहून विसरलेल्या स्क्रिप्ट
- जुन्या लायसन्सच्या रिन्यूअलची तारीख
- पायथन किंवा तत्सम काहीतरी बऱ्यापैकी येणारा एक माणूस

## १. टूल बदलून दुखणं जाणार आहे का ते बघा

टीमला विचारा की नेमका त्रास काय आहे. "टिकेट कोणी अपडेटच करत नाही" असं उत्तर आलं तर नव्या टूलमध्येही कोणी करणार नाही. "टूल स्लो आहे, कटकट आहे" असं म्हणणाऱ्यांच्या शेजारी बसून एक नवीन टिकेट बनवताना बघा, बऱ्याच वेळा फॉर्मवर कम्पल्सरी फील्ड्सची रांग असते जी कुठल्यातरी जुन्या मॅनेजरने टाकलेली असते आणि आज ती कोणीही वाचत नाही. ती काढली की अर्धी तक्रार तिथेच मिटते. तरीही बदलायचंच असेल तर पुढे चला.

## २. एक मालक, एक तारीख

कमिटी नको. एक माणूस, ज्याचा शब्द शेवटचा. तारीख अशी धरा की एक स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) संपलाय आणि दुसरा सुरू व्हायचाय, आणि रिलीजचा आठवडा नाहीये.

"काही दिवस दोन्ही टूल चालवू, मग बघू" हा प्रस्ताव हमखास येतो आणि ऐकायला शहाणपणाचा वाटतो. त्याला सरळ नाही म्हणा. दोन्हीकडे लिहायचं म्हटल्यावर लोक कुठेच लिहीत नाहीत, आणि दोन आठवड्यांनी कुठलं टिकेट खरं यावर भांडणं होतात. एका टीमला आधी हलवून बघायचं असेल तर जरूर करा, पण त्या टीमसाठी जुनं टूल त्या दिवसापासून बंद.

## ३. जुन्या टूलची झाडाझडती

आकडे काढा. प्रोजेक्टनिहाय टिकेटं किती, उघडी किती, वर्षभरात हातच न लागलेली किती. कस्टम फील्ड किती आहेत आणि त्यातली खरंच भरलेली किती टिकेटांत आहेत. हे आकडे पुढच्या प्रत्येक वादात कामाला येतात, कारण "हे फील्ड आम्हाला लागतंच" म्हणणाऱ्याला तुम्ही ते शेवटचं कधी भरलं गेलं ते दाखवू शकता.

फिल्टर, डॅशबोर्ड, ऑटोमेशनचे नियम, परमिशन यातलं जवळपास काहीच आपोआप जात नाही, ते नव्याने बांधावं लागतं. म्हणून लोकांना विचारा की रोज उघडता असे फिल्टर कुठले, आणि तेवढेच लिहून घ्या. स्प्रिंटचा इतिहास, व्हेलॉसिटीचे (दर स्प्रिंटला किती काम झालं त्याचे) ग्राफ हेही विसरा, त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा म्हणजे पुढच्या प्लॅनिंगला मागचा अंदाज तरी राहील.

टीमच्या बाहेरच्या लोकांनाही विचारा. सपोर्टवाले ग्राहकाला टिकेट नंबर देतात का, ऑडिटला "हा बदल कोणी मंजूर केला" याचा पुरावा टिकेटातूनच जातो का. ही उत्तरं मूव्हच्या दिवशी कळली तर फार महाग पडतात.

## ४. काय न्यायचं नाही ते ठरवा

माझ्या मते तीन ढीग पुरतात. उघडी आणि गेल्या काही महिन्यांत हललेली टिकेटं पूर्ण जातील, कॉमेंट आणि अटॅचमेंटसकट. साधारण वर्षभरात बंद झालेली शीर्षक, वर्णन, जुना नंबर इतपत जातील, कारण लोक ती शोधतात पण त्यावर काम करत नाहीत. उरलेलं सगळं फाइलमध्ये अर्काइव्ह होऊन पडेल.

वाद होतो तो बॅकलॉगवर, म्हणजे पुढे कधीतरी करू म्हणून साठलेल्या टिकेटांवर. माळ्यावरच्या खोक्यांसारखं असतं ते, वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही पण टाकू म्हटलं की प्रत्येकाला त्यात काहीतरी मौल्यवान असल्याची आठवण होते. यावर एक उपाय चालतो: आधी कळवा की अमुक तारखेनंतर हात न लागलेलं कुठलंही उघडं टिकेट जाणार नाही, ज्याला हवंय त्याने त्या आधी त्यावर "न्या" असं लेबल लावावं. फार थोडी लेबलं लागतात. डिलीट काहीच होत नाहीये, अर्काइव्हमध्ये सगळं आहे, हे मात्र ठळक सांगा, नाहीतर लोक भीतीपोटी सगळ्यालाच लेबल लावत सुटतात.

## ५. मॅपिंग

एक शीट उघडा. डावीकडे जुन्या टूलमधली प्रत्येक गोष्ट, उजवीकडे नव्यात तिचं काय होणार. "बघू नंतर" हे उत्तर चालणार नाही, "टाकून देणार" हे चालेल.

स्टेटस. जुन्या टूलमध्ये डझनभर स्टेटस असतील तर ते जसेच्या तसे नव्यात बनवू नका, नाहीतर बदल कशासाठी केला. लिनियरसारख्या टूलमध्ये तुम्ही स्टेटसला नाव काहीही द्या, पण तो बॅकलॉग, सुरू न झालेलं, सुरू असलेलं, पूर्ण आणि रद्द अशा ठरलेल्या गटांपैकी एकात बसवावा लागतो. "क्यूएसाठी थांबलंय" (म्हणजे टेस्टिंग बाकी आहे) हे सुरू असलेलं की पूर्ण, हे टीमनेच ठरवायचं. त्यावर तुमचे सगळे रिपोर्ट बदलतात.

असाइनी, म्हणजे काम ज्याच्या नावावर आहे तो. ट्रेलो या टूलमध्ये एका कार्डावर (तिथलं टिकेट) कितीही माणसं टाकता येतात, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एका इश्यूला (तिथलं टिकेट) १० पर्यंत. जिरा, असाना, लिनियरमध्ये असाइनी एकच. म्हणजे ट्रेलोतून तिकडे जाताना बाकीच्यांचं काय करायचं ते तुम्हाला ठरवावं लागेल, इम्पोर्टरवर सोडलं तर तो कोणाला उचलेल याचा नेम नाही.

सोडून गेलेली माणसं. त्यांचं नव्या टूलमध्ये अकाउंट नसतं. त्यांच्यासाठी सीट विकत घेऊ नका. "माजी सदस्य" असं एक अकाउंट करा आणि मूळ नाव कॉमेंटच्या किंवा वर्णनाच्या पहिल्या ओळीत मजकूर म्हणून टाका. काही इम्पोर्टर अनोळखी ईमेल दिसला की आपणहून इन्व्हाइट पाठवतात, ते आधीच बंद करून ठेवा.

उतरंड. एपिक (मोठं काम), स्टोरी (त्यातला तुकडा), सबटास्क (त्याहून लहान) हे प्रत्येक टूलमध्ये वेगळं असतं. ट्रेलोची चेकलिस्ट सबटास्क करायची की वर्णनात नुसती यादी म्हणून ठेवायची? मी दुसऱ्या बाजूचा आहे, कारण चेकलिस्टमधली प्रत्येक ओळ टिकेट झाली की बोर्डावर चालायला जागा राहत नाही.

फॉरमॅटिंग. जिराचा जुना विकी मार्कअप आणि मार्कडाउन (ठळक अक्षरं, टेबलं वगैरे चिन्हांनी लिहायच्या दोन पद्धती) वेगळे आहेत. न बदलता नेलं तर कोडचे तुकडे आणि टेबलं यांची भाजी होते. पँडॉक नावाचं फुकट टूल जिराचा मार्कअप वाचून मार्कडाउन देऊ शकतं, बराचसा भार ते उचलतं.

जिरामध्ये येत असाल तर रिझोल्यूशन (काम कसं मिटलं ते सांगणारं फील्ड) वेगळं भरा. स्टेटस "डन" असून रिझोल्यूशन रिकामं राहिलं तर जिरा ते टिकेट न सुटलेलंच धरतं, आणि बंद झालेली सगळी कामं "अनरिझॉल्व्ड"च्या फिल्टरमध्ये वर येऊन बसतात.

परमिशन. सिक्युरिटी बग, पगाराशी संबंधित काहीतरी, एखाद्या ग्राहकाची माहिती, अशी टिकेटं जुन्या टूलमध्ये ठरावीक लोकांनाच दिसत असतात. इम्पोर्ट झाल्यावर ती सगळ्यांना दिसू लागतात. ही वेगळी काढा आणि सगळ्यात शेवटी, हाताने न्या.

## ६. जुना नंबर सांभाळा

बाकी सगळं कमी-जास्त झालं तरी चालेल, पण हे नको. कमिट मेसेजमध्ये (कोडमधल्या बदलासोबतची टीप) "पे-४५२", कोडमधल्या कॉमेंटमध्ये "पे-४५२ मुळे हे असं केलंय", ग्राहकाच्या ईमेलमध्ये, रिलीज नोटमध्ये, सगळीकडे तो नंबर पसरलेला असतो. दोन वर्षांनी कोणीतरी ती विचित्र इफ कंडिशन बघून "हे का?" विचारेल तेव्हा उत्तराकडे नेणारा धागा एवढाच.

नव्या टूलमध्ये नंबर बहुतेक वेळा बदलतात. गिटहबवर तर इश्यू आणि पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल सामावून घ्यायची विनंती) एकाच क्रमातून नंबर घेतात, त्यामुळे चालू रिपोमध्ये (प्रोजेक्टचा कोड जिथे असतो ते कोठार) तुम्हाला हवा तो नंबर मिळणारच नाही. मग हे करा:

शीर्षकाच्या सुरुवातीला किंवा वेगळ्या फील्डमध्ये जुना नंबर टाका, सर्चमध्ये सापडेल असा. मी शीर्षकाच्या बाजूचा आहे, दिसायला घाण दिसतं पण सर्च कुठल्याही टूलचं असलं तरी शीर्षक शोधतंच. शिवाय जुना नंबर आणि नवी लिंक अशी दोन कॉलमची फाइल बनवून रिपोतच ठेवा. गिटहब वापरत असाल तर रिपोच्या सेटिंगमध्ये ऑटोलिंक म्हणून "पे-" हा उपसर्ग एखाद्या यूआरएलला जोडता येतो (खासगी रिपोसाठी पेड प्लॅन लागतो), म्हणजे जुन्या कमिटमधले नंबर क्लिक होत राहतात.

आणि उलटा सापळा. जुन्या वर्णनांमध्ये कोणी "हॅश १२३" (#123) असं काही लिहिलेलं असेल तर गिटहब ते स्वतःच्या १२३ नंबरच्या इश्यूला किंवा पुल रिक्वेस्टला जोडून टाकतं, ज्याचा मूळ गोष्टीशी काही संबंध नसतो. तसंच ॲट चिन्हाचं. कोडच्या ब्लॉकबाहेर पेस्ट केलेल्या जावा कोडमधलं "ॲट ओव्हरराइड" (@Override) हे गिटहबला एखाद्या यूजरचं नाव वाटतं. पब्लिक रिपो असेल तर कुठल्यातरी अनोळखी माणसाला तुमच्या बगचे नोटिफिकेशन जातात. इम्पोर्टच्या आधी ही दोन्ही चिन्हं स्क्रिप्टने निष्प्रभ करा.

## ७. एक्स्पोर्ट

रस्ते तीन: नव्या टूलचा तयार इम्पोर्टर, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल), किंवा एपीआयवरून (प्रोग्रामने टूलशी बोलायचा मार्ग) स्वतःची स्क्रिप्ट. तयार इम्पोर्टर असेल तर आधी तोच बघा, उदाहरणार्थ लिनियरकडे जिरा, असाना, गिटहब आणि शॉर्टकट नावाच्या टूलसाठी आहे. पण त्यात काय येत नाही ते टेस्टमध्ये स्वतः तपासा.

सीएसव्हीने जाणाऱ्यांनो, ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. एक्सेलच्या एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरंच मावतात त्यामुळे लांब वर्णनं कापली जातात, आवृत्ती क्रमांक तारखा होऊन बसतात, सुरुवातीचे शून्य उडतात, आणि एन्कोडिंग चुकलं तर मराठीच काय इंग्रजीतली अवतरण चिन्हंसुद्धा कचरा होतात. बदल करायचे ते स्क्रिप्टने करा, बघायचं असेल तर कॉपीवर बघा.

तारखांचा फॉरमॅट इम्पोर्टरला नेमका सांगावा लागतो. जिराच्या इम्पोर्टरमध्ये कॅपिटल एम म्हणजे महिना आणि स्मॉल एम म्हणजे मिनिट, उलटं लिहिलं की एरर न येताच तारखा भलत्याच होतात. टाइमझोनही बघा. जिराच्या सीएसव्हीत कामाचा वेळ सेकंदांत असतो हेही लक्षात ठेवा, नाहीतर एका तासाचं काम ३६०० तासांचं दिसेल.

ट्रेलोवाल्यांसाठी: जेसन (प्रोग्रामला वाचता येणारी मजकुराची फाइल) एक्स्पोर्ट फुकट प्लॅनमध्येही मिळतो, सीएसव्हीला पेड लागतो. पण त्या जेसनमध्ये बोर्डावरच्या शेवटच्या १००० हालचालीच येतात आणि कॉमेंट ही हालचालच धरली जाते. म्हणजे जुन्या बोर्डाच्या सुरुवातीच्या कॉमेंट त्या फाइलमध्ये नसतात. त्या हव्या असतील तर एपीआयने प्रत्येक कार्डामागे जावं लागतं.

अटॅचमेंट बहुतेक एक्स्पोर्टमध्ये फक्त लिंक म्हणून येतात. लिंक जुन्या टूलच्या सर्व्हरवरची असते, लॉगिन मागते, आणि जुनं अकाउंट बंद झालं की मेली. फाइल खरोखर डाउनलोड करून नव्या ठिकाणी अपलोड कराव्या लागतात, आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच जातो.

स्क्रिप्ट लिहिणार असाल तर वेगाच्या मर्यादेचा हिशोब आधी मांडा. गिटहब तासाला ५००० रिक्वेस्ट देतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण नवीन मजकूर तयार करणाऱ्या रिक्वेस्टना साधारण मिनिटाला ८० आणि तासाला ५०० अशी वेगळी मर्यादा आहे. ३००० टिकेटं आणि प्रत्येकी चार कॉमेंट म्हणजे १५,००० रिक्वेस्ट, म्हणजे किमान ३० तास. एका रात्रीत उरकू म्हणणाऱ्याला हे गणित दाखवा. ४२९ चा (मर्यादा ओलांडल्याचा) एरर आला की सर्व्हर सांगतो तितकं थांबून परत प्रयत्न, हे स्क्रिप्टमध्ये पहिल्या दिवसापासून हवं. गिटहबच्या नेहमीच्या एपीआयने इश्यूची मूळ तारीख आणि मूळ लेखक टाकता येत नाही, सगळं स्क्रिप्टच्या अकाउंटच्या नावावर आजच्या तारखेला दिसतं, म्हणून ती माहिती मजकुरात लिहा.

## ८. रंगीत तालीम

टेस्ट वर्कस्पेसमध्ये पूर्ण इम्पोर्ट करून बघा, दहा टिकेटांचा नाही. नोटिफिकेशन आधी बंद करा, नाहीतर अख्ख्या टीमचा इनबॉक्स भरेल.

तपासायला मुद्दाम वाईटातली वाईट टिकेटं निवडा: सगळ्यात लांब वर्णन, शंभर कॉमेंट, तीन पातळ्यांचे सबटास्क, दोन प्रोजेक्टमध्ये लिंक, इमोजी, मोठी फाइल. साधी टिकेटं नेहमीच नीट जातात, त्यांच्याकडे बघून काही कळत नाही.

क्रम असा ठेवा की आधी पालक टिकेटं, मग मुलं, आणि एकमेकांच्या लिंक दुसऱ्या फेरीत, कारण ज्याला जोडायचंय ते अजून जन्मलेलंच नसतं. स्क्रिप्ट मध्येच मेली तर परत चालवल्यावर डुप्लिकेट होता कामा नयेत, जुना नंबर आधीच आहे का ते बघून मगच नवीन बनवायचं. तालमीला किती तास लागले ते लिहून ठेवा, मूव्हचा दिवस त्यावरून ठरेल.

## ९. मूव्हचा दिवस

1. जुनं टूल रीड-ओन्ली करा. "कृपया आता काही लिहू नका" हा चॅटमधला मेसेज पुरत नाही, परमिशनच काढा.
2. शेवटचा एक्स्पोर्ट घ्या, त्याची एक प्रत वेगळीकडे ठेवा.
3. इम्पोर्ट.
4. मोजणी. प्रोजेक्टनिहाय, स्टेटसनिहाय आकडे जुळतात का. जे टाकून दिलं ते वजा करून जुळले पाहिजेत.
5. प्रत्येक उपटीममधल्या एकेकाला स्वतःची पाच टिकेटं उघडून बघायला सांगा.
6. गिट, सीआय, चॅट, सपोर्ट डेस्कचे वेबहुक (काही घडलं की दुसऱ्या टूलला आपोआप जाणारे निरोप) नव्याकडे वळवा. जुने बंद करा, दोन्ही चालू राहिले तर चॅटमध्ये दुहेरी मेसेज येतात.
7. नोटिफिकेशन चालू करा आणि मगच सगळ्यांना कळवा.

परत फिरायचं कधी तेही आधीच ठरवा. समजा अमुक वाजेपर्यंत आकडे जुळले नाहीत तर जुनं टूल परत उघडायचं आणि पुढच्या स्प्रिंटला पुन्हा प्रयत्न करायचा. ही वेळ शांत डोक्याने आदल्या दिवशी लिहिलेली असावी, रात्री दोन वाजता ठरवायची नाही.

## १०. पहिले काही आठवडे

प्रश्नांसाठी चॅटमध्ये एक चॅनेल ठेवा आणि मालकाने तिथे हजर राहावं. पहिल्या महिन्यात नवं कस्टम फील्ड, नवा स्टेटस काहीही जोडायचं नाही, मागण्या फक्त लिहून ठेवायच्या. महिन्याने ती यादी काढली की त्यातल्या बऱ्याच मागण्या मागणाऱ्यांनाच आठवत नसतात.

कोणी बाजूला स्वतःची शीट चालवायला लागलं तर रागावू नका, त्यात काय लिहितात ते बघा. नव्या टूलमध्ये काय कमी पडतंय ते तिथे दिसतं.

जुनं टूल निदान एक रिलीज पार पडेपर्यंत रीड-ओन्ली चालू ठेवा, पण रिन्यूअलच्या तारखेवर नजर असू द्या, ऑटो-रिन्यू बंद करायला कोणीतरी विसरतंच. बंद करण्याआधी पूर्ण बॅकअप घ्या, अटॅचमेंटसकट, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून एखादं जुनं टिकेट शोधून बघा. झिप फाइल आहे म्हणजे बॅकअप आहे असं नसतं. मग स्क्रिप्टसाठी काढलेले दोन्हीकडचे एपीआय टोकन (पासवर्डसारख्या चाव्या) रद्द करा, टेस्ट वर्कस्पेस डिलीट करा (त्यातही खरा डेटा आहे), आणि जुनं अकाउंट बंद केल्याचं कन्फर्मेशन ईमेल अर्काइव्हच्या फोल्डरमध्ये टाकून द्या.